वाटणी ठरलेली आहे, मग वसियत कशाला?

(बेडसे, ता. मावळ इथल्या युवा शिबिरात झालेल्या भाषणाचं शब्दांकन)



माझ्या नावापुढे "मृत्युपत्र" हा विषय वाचून दोघातिघांनी मला चहाच्या वेळी विचारलं, "भाईजान, आमची अजून लग्नं व्हायचीत, आम्हाला हे कशाला?" प्रश्न रास्त आहे. मी वकील नाही, आलिमही नाही. सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. पण २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर नात्यातल्या आणि ऑफिसातल्या काही घरांची कागदपत्रं माझ्याकडे आली, कारण "याला कॉम्प्युटर कळतो, हा फॉर्म भरून देईल." फॉर्म भरता भरता मला जे समजलं, ते सांगतो. गेलेल्यांपैकी तीन जण चाळिशीच्या आतले होते. एकाचीही वसियत नव्हती.

त्या प्रत्येक घरात मी एकच वाक्य ऐकलं : "आपल्यात वाटणी कुरआननंच ठरवून दिलीय, मग वसियत कशाला?" आज मला या एका वाक्याबद्दलच बोलायचंय. वाटणी ठरलेली आहे, हे खरं. पण ती ज्यांची नावं वारसांच्या यादीत आहेत त्यांच्यापुरती. आपल्या घरात, आपल्या जिवाभावाची अशी माणसं असतात, ज्यांचं नाव त्या यादीत नसतं. वसियत त्यांच्यासाठी आहे.

आधी क्रम बघू. माणूस गेला की त्याच्या मालमत्तेतून सगळ्यात आधी कफन-दफनाचा खर्च. मग कर्ज. मग वसियत. आणि हे सगळं झाल्यावर उरेल त्याची वारसांत वाटणी. सूरह निसाच्या ११व्या आणि १२व्या आयतींत वाट्यांचे आकडे आहेत, आणि हे वाटे वसियत व कर्ज यांच्यानंतरचे, हे तिथे पुन्हा पुन्हा सांगितलंय. आपण मात्र आकडे पाठ करतो आणि त्याच्या आधीच्या दोन पायऱ्या गाळतो.

आता एक हिशेब करू. एक आजोबा आहेत. दादी आधीच गेल्या. तीन मुलगे आणि एक मुलगी. त्यातला एक मुलगा आजोबांच्या हयातीत वारला. त्याची बायको आणि दोन लहान मुली त्याच घरात राहतात. आजोबांची मालमत्ता ६० लाखांची. आजोबा वसियत न करता गेले. हनफी नियमानं मुलाला दोन वाटे, मुलीला एक. म्हणजे हयात दोन मुलग्यांना २४-२४ लाख, मुलीला १२ लाख. आणि त्या दोन नातींना? शून्य. मुलगा हयात असला की मेलेल्या मुलाची मुलं वारस होत नाहीत. सून तर वारस नसतेच. ज्या घरात त्या मुली जन्मल्या, त्या घरात त्या कायद्यानं पाहुण्या होतात.

ही अडचण फक्त आपल्याकडची नाही. इजिप्तनं १९४६ च्या कायद्यानं अशा नातवंडांसाठी सक्तीची वसियत आणली. आजोबांनी लिहिली नसली तरी ती लिहिलीय असं धरायचं. पाकिस्ताननं १९६१ च्या वटहुकमात नातवंडांना त्यांच्या मेलेल्या आईबापाचा वाटा दिला, आणि तीच तरतूद बांगलादेशात चालत आली. भारतातल्या मुस्लिम वैयक्तिक कायद्यात अशी तरतूद नाही. इथे त्या मुलींना वाचवणारी गोष्ट एकच : आजोबांनी हयातीत उचललेलं पेन.

त्यांनी वसियत केली तर काय होतं? मुसलमानाला आपल्या निव्वळ मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंत वसियत करता येते. ६० लाखांत २० लाख. नाती वारस नाहीत, म्हणून त्यांना द्यायला काका-आत्यांची परवानगी लागत नाही. तिसरा मुलगा हयात असता तर त्याला साधारण १७ लाख आले असते. म्हणजे बापाच्या वाट्याइतकं मुलींना द्यायला एक तृतीयांश पुरून उरतं. अर्थात आत्याचा वाटा त्यामुळे थोडा कमी होतो, तेही आजोबांनी समोर ठेवावं. पण निर्णय त्यांचा असेल, अपघाताचा नाही.

एक तृतीयांशाची ही मर्यादा आली कुठून? साद बिन अबी वक्कास आजारी होते. त्यांनी पैगंबरांना (स.) विचारलं की सगळी मालमत्ता दान करू का? नको. अर्धी? नको. एक तृतीयांश? तेवढी कर, आणि तेही पुष्कळच आहे. वारसांना हात पसरायला लावण्यापेक्षा सुस्थितीत ठेवून जाणं चांगलं. त्या उत्तराचा आशय असा. दोन्ही बाजू त्यात आहेत : वारसांना उघड्यावर टाकू नका, आणि तुमच्या मर्जीचा म्हणून एक भाग तुमच्या हातात आहे.

त्या भागाचा उपयोग कुणाकुणासाठी होतो, ते आपल्या पिढीच्या नजरेनं बघू.

सांभाळलेलं मूल. बहिणीचं किंवा नात्यातलं मूल घेऊन वाढवलं, शाळेत बाप म्हणून आपलं नाव लावलं, तरी तेवढ्यानं ते वारस होत नाही. २०१४ मध्ये शबनम हाश्मी यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टानं सांगितलं की बाल न्याय कायद्याखाली कुठल्याही धर्माची व्यक्ती रीतसर दत्तक घेऊ शकते. पण आपल्याकडे बहुतेक मुलं अशा कागदाशिवायच "घेतलेली" असतात. त्यांच्यासाठी वसियतच.

वेगळ्या धर्माचा जोडीदार. हनफी नियमानं मुस्लिम नसलेली पत्नी किंवा पती वारस होत नाही. पण मुस्लिमेतर व्यक्तीच्या नावे वसियत करता येते. लग्न स्पेशल मॅरेज ॲक्ट, १९५४ खाली झालं असेल, तर वारसा १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानं ठरतो, म्हणजे सगळं गणितच वेगळं. केरळमधले वकील आणि अभिनेते सी. शुक्कुर यांनी ८ मार्च २०२३ रोजी आपल्याच पत्नीशी, शीना यांच्याशी, या कायद्याखाली पुन्हा लग्न केलं. त्यांना तीन मुली. मुलगा नसेल तर मुलींच्या वाट्यानंतरचा भाग भावांकडे जातो; तो मुलींनाच मिळावा, हा त्यांचा हेतू होता. तुम्ही त्यांच्याशी सहमत व्हा किंवा होऊ नका, पण त्यांनी वेळेवर कायदा वाचला, एवढं तरी शिकण्यासारखं आहे.

आणि आता ज्यांची लग्नं नुकतीच झालीत किंवा व्हायचीत त्यांच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. लहान मुलाचा बाप गेला, तर मूल आईकडे राहतं. पण मुलाच्या मालमत्तेचं काय? मुस्लिम कायद्यानं आई त्या मालमत्तेची आपोआप पालक होत नाही. आधी बाप, मग बापानं वसियतीत नेमलेला वसी, मग आजोबा, मग आजोबांनी नेमलेला वसी. यात कुणीच नसेल, तर १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली कोर्टात जावं लागतं. पण बापानं वसियतीत "माझी पत्नी ही वसी" असं एक वाक्य लिहिलं, तर तिला तो अधिकार मिळतो. एक वाक्य! तिशीतल्या माणसाची मालमत्ता म्हणजे कर्जावरचा फ्लॅट आणि पीएफ. पण हे वाक्य नसेल तर मुलाच्या वाट्याच्या पैशासाठी त्याच्या आईला कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. मी हे एका घरात जवळून पाहिलंय.

आता वसियत कुठे चालत नाही, ते पाहू.

पहिली गोष्ट, मर्यादा. एक तृतीयांशापेक्षा जास्त दिलं, तर जादा भागाला वारसांची संमती लागते. दुसरी, वारसालाच वसियत. सुन्नी नियमानं जो आधीच वारस आहे त्याला वसियतीनं जादा देता येत नाही. बाकीच्या वारसांनी मंजूर केलं तरच ते टिकतं, आणि ही मंजुरी मृत्यूनंतरची धरतात. शिया नियमात एक तृतीयांशाच्या आत वारसालाही देता येतं. आपल्याकडे सर्रास काय लिहिलं जातं? "माझं सगळं घर धाकट्या मुलाला." स्टॅम्पपेपरवर, दोन साक्षीदारांसह, नोंदणीसुद्धा करून. नोंदणी झाली म्हणून ते वैध होत नाही. बहीण उभी राहिली की तो कागद गळून पडतो.

मग मुलींना बरोबरीनं द्यायचं असेल तर? मुलगीही वारस आहे, म्हणून तिथेही वसियतीची तीच अडचण. तिथे हयातीतच हिबा, म्हणजे बक्षीस, करता येतो. देतो म्हणणं, घेतलं म्हणणं आणि प्रत्यक्ष ताबा देणं, या तिन्ही गोष्टी झाल्या पाहिजेत. हिब्याला एक तृतीयांशाची मर्यादा नाही. पण मरणाच्या दारात, त्याच आजारपणात केलेला हिबा मर्ज-उल-मौत मानला जातो आणि त्याला वसियतीचीच बंधनं लागतात. आयसीयूमध्ये अंगठा घेऊन काही साधत नाही. आणि एकुलतं घर हिब्यानं देऊन आईबाप उघड्यावर पडणार नाहीत, याचाही विचार करा.

बहिणींचा विषय निघालाच आहे तर बोलतोच. गावोगाव वारस नोंद झाली की महिनाभरात बहिणींकडून हक्कसोडपत्र लिहून घेतात. एक साडी, एक जेवण, आणि "माहेर तुटू देऊ नकोस" एवढं बोललं की सही. शरीयतनं दिलेला वाटा घ्यायच्या वेळी शरीयत कुणाला आठवत नाही. बापानं आपल्या कागदात "माझ्या मुलींचा वाटा त्यांना प्रत्यक्ष मिळावा, त्याबदल्यात हक्कसोड घेऊ नये" असं लिहिलं, तर कायद्यानं वाटा वाढत नाही. पण भावांना बापाचे शब्द डोळ्यांसमोर ठेवून सही मागावी लागते. ते सोपं नसतं.

आता कागदाचं स्वरूप. इथून वर बेडशाची लेणी आहेत, तुमच्यातले बरेच जण सकाळी जाऊन आले. तिथल्या चैत्यगृहाच्या व्हरांड्यात एका खोलीच्या दारावर ब्राह्मीत एक ओळ आहे : नाशिकच्या आनंद शेठचा मुलगा पुष्यणक, त्याचं हे दान. पाण्याच्या टाक्याजवळच्या लेखात दान देणारी एक बाई आहे. महाभोजाची मुलगी, महारठिनी सामडिनिका. साधारण दोन हजार वर्षं झाली. कुणी दिलं, तो कुणाचा कोण, हे आजही वाचता येतं. चांगल्या दस्तऐवजाला एवढंच लागतं : कोण, कुणाचा कोण, काय, आणि लिहिलेलं टिकेल अशी जागा.

कायद्याच्या दृष्टीनं मुसलमानाची वसियत तोंडीसुद्धा चालते. भारतीय उत्तराधिकार कायद्यातला सही आणि दोन साक्षीदारांचा नियम कलम ५८ मुळे आपल्याला लागू नाही. १८९८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं मृत्यूच्या थोडं आधी लिहिलेल्या एका पत्रालाही वसियत मानलं होतं. हे ऐकून एका मित्रानं मला सांगितलं, "मग मी व्हॉट्सॲपवर टाकून ठेवतो." टाक, पण सिद्ध कोण करणार? तुझा फोन तुझ्या भावाच्या बोटानंही उघडतो. सूट कायद्यानं दिलीय, पुराव्याची जबाबदारी उचललेली नाही. तोंडी वसियत कोर्टात शब्दन् शब्द सिद्ध करावी लागते, आणि तेव्हा बोलणारा हयात नसतो.

म्हणून लिहा. मराठीत लिहा, घरातल्यांना वाचता येईल असं. नाव, वय, पत्ता, तारीख. "शुद्धीत आणि दबावाविना लिहितो", आणि "आधीच्या सगळ्या वसियती रद्द". मालमत्तेची यादी : गट नंबर, फ्लॅट नंबर, बँक. कुणाला किती, तो माझा कोण. वसीचं नाव, आणि तो नसेल तर दुसरं नाव. प्रत्येक पानावर सही. दोन साक्षीदार तुमच्यापेक्षा तरुण असावेत, आणि ज्यांना त्यातून काही मिळणार आहे ते नकोत. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही. साध्या कागदावर चालतं. नोंदणी ऐच्छिक आहे, पण करा. दुय्यम निबंधकाकडे ती केव्हाही करता येते. गुप्त ठेवायची असेल, तर १९०८ च्या नोंदणी कायद्यात बंद लखोट्यात जिल्हा निबंधकाकडे ठेवण्याची सोय आहे. मन बदललं तर नवी लिहा. शेवटची वसियत खरी धरली जाते.

मावळातल्या लोकांनी दोन गोष्टी वेगळ्या लक्षात ठेवाव्यात. एक, १९३७ च्या शरीयत कायद्याच्या कलम २ मधून शेतजमीन वगळलेली आहे. म्हणून सातबारा असेल, तर "या जमिनीला कोणता नियम लागतो?" हा प्रश्न वकिलाला सगळ्यात आधी विचारा. दोन, शेतकरी नसलेल्या माणसाला किंवा संस्थेला शेतजमीन वसियतीनं देता येईल असं धरून चालू नका. २०२० मध्ये गुजरातमधल्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानं १९४८ च्या कूळ कायद्याच्या कलम ६३ चा आधार घेऊन अशी वसियत अवैध ठरवली. आपल्याकडचा कूळ कायदा मुळात तोच, जुन्या मुंबई राज्याचा. मदरशाला किंवा वाचनालयाला द्यायचंच असेल, तर शेताऐवजी रोख रक्कम लिहा.

"पण नॉमिनी लावलाय ना!" हे दुसरं वाक्य, जे मला दर घरात ऐकू येतं. घराघरांत भिंतीवर असतं ते "कालनिर्णय". त्याचे संस्थापक जयंत साळगावकर यांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केलं होतं. २०१३ मध्ये ते गेले. त्यांच्या काही गुंतवणुकींवर नॉमिनी होते. नॉमिनी मालक की मृत्युपत्र व वारसाहक्क वरचढ, यावर कुटुंबातच दावा उभा राहिला. २०१६ मध्ये मुंबई हायकोर्टानं आणि १४ डिसेंबर २०२३ रोजी सुप्रीम कोर्टानं सांगितलं की शेअर्सचा नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो रक्कम किंवा शेअर ताब्यात घेतो, हक्क वारसांचा आणि मृत्युपत्राचा. हाऊसिंग सोसायटीतही २०१९ च्या दुरुस्तीनंतर नॉमिनीला तात्पुरता सभासदच करतात. विम्यात मात्र २०१५ पासून आईवडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर वेगळा नियम आहे. पॉलिसी घेताना तो विचारून घ्या. नॉमिनी जरूर लावा. पैसे लवकर हातात येतात. पण ते कुणाचे, हे वसियत आणि वारसा ठरवतो.

माझ्या धंद्यातली एक गोष्ट. वसियतीत पासवर्ड लिहू नका. तो कागद उद्या दहा जण वाचतील. खात्यांची यादी वेगळी ठेवा आणि ती कुठे आहे, हे वसीला सांगा. गुगलच्या इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजरमध्ये आणि ॲपलच्या लेगसी कॉन्टॅक्टमध्ये विश्वासातलं नाव घाला. दहा मिनिटांचं काम आहे. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या विसरलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या "उद्गम" पोर्टलवर शोधून बघा.

शेवटचा मुद्दा, जो माझ्या मते तुमच्या वयाला सगळ्यात जास्त लागू आहे. तुमच्याकडे वाटायला काही नसेल, पण द्यायचं असतं. मित्राकडून हातउसने घेतलेले ४० हजार. मशिदीच्या वर्गणीचे तुमच्या खात्यावर पडून असलेले पैसे. आणि बायकोचा मेहर. न दिलेला मेहर हे कर्ज आहे, आणि वारसांच्या आधी ते फेडायचं असतं. निकाहनाम्यात आकडा असतो, दिला की नाही हे कुठेच नसतं. मय्यतीच्या वेळी नवऱ्याच्या मृतदेहापुढे विधवेला "मेहर माफ कर" म्हणायला लावणारी माणसं मी पाहिलीत. हे थांबवायचं असेल, तर लिहून ठेवा : मेहर अमुक, त्यातला दिला एवढा, बाकी एवढा. माझ्या सामानातली ही वस्तू माझी नाही, अमक्याची अमानत आहे. वसियत करण्यासारखं काही असेल, तर ती लिहिल्याविना दोन रात्रीही जाऊ देऊ नयेत, या आशयाची हदीस इब्न उमर यांनी सांगितलेली आहे. म्हातारपणाची वाट बघायला तिथेही सांगितलेलं नाही.

तर घरी गेल्यावर दोन कामं. पहिलं तुमचं स्वतःचं : एक पान घ्या, देणं किती, येणं किती, दुसऱ्याचं माझ्याकडे काय आणि माझ्यामागे वसी कोण, हे लिहा, तारीख घाला, सही करा. दुसरं अवघड आहे. अब्बांशी किंवा दादाजींशी बोला. मालमत्तेवर डोळा आहे असं त्यांना वाटेल, म्हणून "मला काय?" असं विचारू नका. आपल्या घरात बाप नसलेलं कुणी पोर आहे का, घेतलेलं मूल आहे का, माहेरी परत आलेली सून आहे का, तिचं नाव घ्या आणि विचारा, "तुमच्यामागे हिचं काय?" एकदा हा प्रश्न विचारला गेला, की बहुतेक आजोबा स्वतःहून कागद मागतात.

मसुदा झाला की एका वकिलाला आणि फराईज जाणणाऱ्या एका आलिमाला, दोघांनाही दाखवा. आता तुमचे प्रश्न घेऊ. ज्यांना सगळ्यांसमोर विचारायचे नाहीत, त्यांनी जेवणानंतर भेटा. मी संध्याकाळपर्यंत इथेच आहे.